गाठीचं अक्षर

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. आम्ही कॅथलिक... महिन्या-दोन महिन्यांनी पापस्वीकाराला जातो. जाळीपलीकडे फादर बसलेले असतात आणि मी त्यांना सगळं सांगतो – खोटं बोललो, चिडलो, रविवारची मिस्सा चुकवली. एवढी एक गोष्ट सोडून. तेहतीस वर्षं ती सोडूनच सांगत आलोय.

या सदरातले अनुभव मी बऱ्याच वर्षांपासून वाचतो. खरं सांगू? करमणूक म्हणून वाचतो. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. छत्तीसगढात जन्म गेला. इथे टोनहीच्या, म्हणजे चेटकिणीच्या, गोष्टी शाळेतली पोरंसुद्धा शपथेवर सांगतात. पण मी पडलो सरकारी खात्यात नकाशे काढणारा माणूस. जागेवर जाऊन मोजलं तरच कागदावर रेघ ओढायची, अशी सवय. देवावर श्रद्धा आहे, ती वेगळी.

आणि आधीच सांगून ठेवतो, या अनुभवात भूत नाही. कुणी दिसलं नाही, कुणाची हाक ऐकू आली नाही. सकाळचे साडेदहा-अकरा वाजले होते, चर्चच्या पॅरिश हॉलमधला पंखा कुरकुरत होता आणि मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो होतो. तरी त्या दिवसापासून मी पूर्वीचा राहिलो नाही, एवढं खरं.

बाकीच्यांची नावं बदलली आहेत. माझं बदललं तर गोष्टच सांगता येणार नाही, का ते पुढे कळेल. मी विन्सेंट साळवे. वडील नागपूरचे, रेल्वेत वॅगन दुरुस्तीच्या कामावर. आम्ही रायपूरच्या गुढियारीत राहायचो. घरात मले-तुले, दाराबाहेर हिंदी. मराठी कॅथलिक म्हटलं की रायपुरात लोक दोनदा विचारतात, "मराठी? और ईसाई भी?" त्याचं मला काही वाटायचं नाही. मला राग यायचा तो माझ्या आडनावाचा. हिंदीत ळ नाही. त्यामुळे शाळेत, लायब्ररीच्या कार्डावर, रेशनकार्डावर – सगळीकडे 'सालवे'. मी लहानपणापासून हट्टी. जिथे सालवे दिसेल तिथे पेनानं ल खोडायचा आणि वर ळ काढायचा. वडील म्हणायचे, "पोट्ट्या, एका अक्षरासाठी किती भांडशील?"

तर गेल्या वर्षी आमच्या पॅरिश काउन्सिलच्या सेक्रेटरी, रीना दीदी, मिस्सा संपल्यावर मला पायरीवरच अडवून म्हणाल्या, "अंकल, अपने समर कैम्प को पचास साल हो रहे हैं. स्मारिका निकालनी है. इतिहास आप लिखोगे."

"मैं काहे? मैं तो नक्शे बनाता हूँ."

"आपकी राइटिंग अच्छी है न."

अक्षर चांगलं म्हणून इतिहास लिहिता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. नाही म्हणायला हवं होतं. पण 'कॅम्प' हा शब्द ऐकला आणि मी हो म्हणालो.

इतिहास मोठा नाही. पहिल्या वर्षी अकरा मुलं होती. आरंगच्या पुढे, महानदीच्या अलीकडे, मिशनचं एक जुनं आवार आहे – चॅपल, विहीर, एक लांबलचक व्हरांडा आणि मोहाची झाडं. तंबू नव्हते, रेल्वेतल्या कुणीतरी वॅगनवर टाकायची जुनी तिरपाल आणून दिली होती. तिच्याखाली झोपलेली माणसं आज साठीच्या पुढे आहेत आणि अजून सांगतात, कोळशाचा वास यायचा. सहाव्या की सातव्या वर्षी मुली यायला लागल्या. एका मे महिन्यात विहीर आटली, तर पोरांनी चार दिवस नदीतून पाणी वाहिलं. त्या वर्षीचे लोक अजूनही स्वतःला 'सूखा बैच' म्हणवतात आणि लग्नकार्यात वेगळा घोळका करून उभे राहतात. आता कॅम्प शहरातल्याच एका शाळेत होतो. तीन दिवस, कूलर लावून. संध्याकाळी आयांचे व्हिडिओ कॉल येतात.

आमच्या वेळी दहा दिवस. पहाटे थाळी बडवून उठवायचे. नाश्त्याला बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, सोबत कांदा आणि हिरवी मिरची. मग प्रार्थना, श्रमदान, बायबलचा वर्ग, दुपारी व्हरांड्यात सक्तीची झोप. ती झोप कुणालाच यायची नाही. बाहेर लूचा गरम वारा वाहत असायचा आणि आम्ही थंड फरशीला गाल लावून कुजबुजत पडलेले असायचो. मी मुंबई बघितली, केरळ बघितलं, पण आजही कुणी विचारलं की कुठे परत जावंसं वाटतं, तर मला ती फरशी आठवते. आणि लगेच बाकीचंही आठवतं.

बाकीचं म्हणजे हे.

मी सतरा वर्षांचा होतो. त्या वर्षी सिस्टर रोझलिननं कॅम्पमध्ये 'फरिश्ता', म्हणजे देवदूत, नावाचा खेळ आणला. सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या भाताच्या डब्यात टाकायच्या आणि प्रत्येकानं एक उचलायची. जिचं किंवा ज्याचं नाव निघेल, त्याचा तुम्ही आठ दिवसांचा फरिश्ता. व्हरांड्याच्या भिंतीवर तांदळाच्या पोत्यातून शिवलेल्या पिशव्या टांगलेल्या, प्रत्येकीवर नाव. कुणाला न दिसता आपल्या माणसाच्या पिशवीत रोज काहीतरी ठेवायचं. कैरी, एखादं चित्र, दोन ओळींची चिठ्ठी, काहीही. आठव्या दिवशी संध्याकाळी सगळे गोल करून उभे राहणार, आणि प्रत्येकाचा फरिश्ता पुढे येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवणार. तोवर नाव सांगायचं नाही.

मला चिठ्ठी निघाली – फिलोमिना.

फिलोमिना म्हणजे कॅम्पचा स्वयंपाक करणाऱ्या लूसिया दाईची मुलगी. चौदा वर्षांची. आईबरोबर आली म्हणून फादरनी तिचंही नाव घातलं होतं. रांगेत सगळ्यात मागे उभी राहायची. बाकीच्या मुलींजवळ बसायला गेली की त्या सरकून घ्यायच्या. माझा दोस्त पीटर माझ्या खांद्यावरून वाकून चिठ्ठी वाचत होता. "अबे, दाई की बेटी!" तो खिदळला. "अब तो तेरे भात में दो बोटी ज्यादा आएगी, दामाद बाबू!"

चार पोरं हसली. मीही हसलो.

त्या संध्याकाळी चहा घ्यायला गेलो तेव्हा ती चिठ्ठी मी चुलीत टाकली. दाईच्याच चुलीत. दाई माझ्याकडे बघून म्हणाली, "ले बेटा, गरम हे," आणि कप माझ्या हातात दिला.

माझ्या मनात भरली होती चौबे कॉलोनीची शेरिन. गाणारी. मी ठरवलं की आपण तिचेच फरिश्ते. तिचा खरा फरिश्ता दुसरा कुणीतरी होताच. मी वरून दुसरा. रोज तिच्या पिशवीत चॉकलेट, रिबन, ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिलेली चिठ्ठी. चौथ्या दिवशी ती सिस्टरकडे तक्रार घेऊन गेली, "सिस्टर, मेरे दो-दो फरिश्ते हैं, एक को बोलो राइटिंग सुधारे." आजही हे लिहिताना कान गरम होतात.

फिलोमिनाच्या पिशवीकडे मी बघत नव्हतो. मुद्दाम. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती व्हरांड्यात एकटीच हसताना दिसली, तर वाटलं लाज झाकतेय. रिकामी पिशवी आहे आणि इतरांना कळू नये म्हणून हसतेय. तेवढ्यानंही मी हललो नाही. फक्त आठवी संध्याकाळ जसजशी जवळ यायला लागली तसा मी दिवस मोजायला लागलो. सगळ्यांसमोर ती उभी राहणार, आणि कुणीच पुढे येणार नाही. मग सिस्टर विचारणार, हिचं नाव कुणाला निघालं होतं? आणि पीटरला तर माहीतच होतं.

सातव्या दिवशी सकाळी मी फादरना सांगितलं की बाबांची तब्येत बिघडल्याचा निरोप आलाय. साफ खोटं. दूधवाल्याच्या जीपमध्ये बसून हमरस्ता गाठला आणि बसनं घरी आलो. बाबा अंगणात सायकलचं पंक्चर काढत होते. "इतक्यात काहून आला बे?" म्हणाले. पोट दुखते म्हटलं.

पुन्हा कधी त्या कॅम्पला गेलो नाही. दोन वर्षांनी पीटर भेटला तेव्हा बोलता बोलता म्हणाला, "वो तेरी फिलोमिना तो दिल्ली चली गई सुना." दिल्ली म्हणजे काय ते आमच्याकडे सांगावं लागत नाही. गावागावांतून पोरी घरकामाला न्यायच्या, न्यायला येणारी बाई ओळखीची असायची, आणि मग कुणाचं वर्षाला एक पत्र यायचं, कुणाचं तेही नाही. मी पुढे काहीच विचारलं नाही. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात एक चित्र बसलं. गोल करून उभी असलेली पोरं, मध्ये ती, आणि कुणी पुढे येत नाहीये. मग ती दिल्लीच्या गाडीत बसते. माझ्या डोक्यात या दोन गोष्टी एकाला एक जोडल्या गेल्या. कुणीतरी पुढे आलं असतं तर ती कदाचित गेली नसती... लग्न झालं, मुलगी झाली, नोकरीत बढती मिळाली. चित्र तिथेच.

तर इतिहासासाठी रीना दीदींनी जुन्या कॅम्पवाल्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. आठवणी पाठवा, फोटो पाठवा. एका रविवारी मिस्सा झाल्यावर मी हॉलमध्ये बसून आलेले फोटो लावत होतो. पन्नाशीकडे झुकलेली एक बाई आली. फिकट निळी साडी, खांद्याला मोठी पर्स.

"जय येसु, भैया. सालवे भैया न?"

"जय येसु. साळवे," मी सवयीनं म्हणालो.

ती हसायला लागली. "हव, वही! वही गाँठ वाला अक्षर! पहचाने नहीं न? मैं फिलोमिना. लूसिया दाई की बेटी."

मी उभा राहिलो की बसूनच राहिलो, आठवत नाही. तोंडातून एवढंच आलं, "तुम तो... दिल्ली..."

"कहाँ की दिल्ली!" खुर्ची ओढून ती समोर बसली. "आप ही ने तो नहीं जाने दिया."

तिनं पर्समधून प्रार्थनेचं पुस्तक काढलं. पुस्तकात एक प्लास्टिकचं पाकीट होतं. त्यातून एकेक करून तिनं टेबलावर आठ चिठ्ठ्या मांडल्या. वहीच्या रेघांचा पिवळा पडलेला कागद, घड्यांवर झिजलेला.

मी पहिली उचलली. आणि ताईदादांनो, इथून पुढचं मी जसं घडलं तसंच लिहितोय.

चिठ्ठी मराठीत होती. पुस्तकातल्या मराठीत नाही, आमच्या घरातल्या. 'सकाळी उनात फिरू नको. लू लागते. पिशवीत कैरी आहे, मीठ लावून खा.' दुसरीत होतं, 'काल पाण्याच्या रांगेत सगळ्यायच्या मागं उभी होतीस. उद्या पुढं उभी राय. कोनी काही म्हनत नाही.' एकीत नुसतं, 'जेवली काय?' हे आमच्या आईचं वाक्य. कुणी दारात आलं की पहिलं तेच. आणि अक्षर... अक्षर माझं होतं.

"शुरू में तो मैं समझी किसी ने तितली बनाई है," फिलोमिना 'सकाळी' मधल्या ळ वर बोट ठेवून म्हणाली. "फिर सिस्टर ने बताया, मराठी का अक्षर है. कैम्प में मराठी और था ही कौन? तभी समझ गई थी. पर बोलना मना था न, खेल का नियम. मैं रोज आपको देखती थी और आप ऐसे मुँह फेर लेते थे..." ती पुन्हा हसली. "मैं सोचती थी, वाह, क्या एक्टिंग करते हैं."

मी चिठ्ठ्या पुन्हा पहिल्यापासून चाळल्या.

मग तिनं आठवी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. एकच ओळ. 'दिल्लीले जाऊ नको.' आमच्या घरच्या बोलीत 'दिल्लीले' म्हणजे 'दिल्लीला'.

"इसका तो आपको किस्सा सुनाती हूँ," ती म्हणाली. "हमारे छत्तीसगढ़ी में 'ले' मतलब 'से'. रइपुर ले आवत हँव, रायपुर से आ रही हूँ. तो मैंने पढ़ा, 'दिल्ली से मत जाओ'. मैं बोली, कैसा बुद्धू फरिश्ता है रे! मैं दिल्ली गई कहाँ हूँ, जो वहाँ से जाऊँगी? लेकर गई सिस्टर के पास कि इसका मतलब बताओ. सिस्टर दो बार पढ़ीं. फिर बोलीं, दिल्ली? तुझे दिल्ली कौन ले जा रहा है?"

तिच्या मावशीनं तिला दिल्लीला न्यायचं ठरवलं होतं. कॅम्प संपला की तिसऱ्या दिवशी निघायचं. तिकीट काढलेलं होतं. आईनं कुणाला सांगू नको म्हणून बजावलेलं. त्या चिठ्ठीतल्या एका 'ले' मुळे ते सिस्टरसमोर आलं. सिस्टरनं त्याच दुपारी दाईला बसवून घेतलं, फादरना बोलावलं, आणि जूनमध्ये फिलोमिना मिशनच्या होस्टेलमध्ये दाखल झाली. पुढे नर्सिंग. आज अंबिकापूरला एका दवाखान्यात ती वॉर्डची मुख्य नर्स आहे. जी दुसरी मुलगी तिच्याबरोबर जाणार होती, ती गेली. तिचं नाव सांगून फिलोमिनानं टेबलावरच्या चिठ्ठ्या पुन्हा एका ओळीत लावल्या.

त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. "फिलोमिना, सुनो..." एवढं म्हणालोही.

"पहले एक काम कीजिए भैया," ती म्हणाली. "उस शाम सबके फरिश्ते आए. मैं भी खड़ी थी. सिस्टर ने बताया, तेरे फरिश्ते के पापा बीमार हैं, उसे जाना पड़ा. मैं रोई नहीं. पर वो बाकी रह गया."

तिनं डोकं वाकवलं.

केसांत पांढरं दिसत होतं, भांगाजवळ घामाचे थेंब. आणि मी... मी हात ठेवला. आणि लगेच काढून घेतला. तिला वाटलं, भरून आलं म्हणून.

घरी जाऊन जेवलो नाही. ग्रेस, माझी बायको, म्हणाली, "काय झालं? चेहरा काहून असा?" म्हटलं, ऊन लागलं.

दोन दिवसांनी मी पॅरिशच्या कपाटातून त्या वर्षीचं कॅम्पचं रजिस्टर काढलं. मला खात्री करून घ्यायची होती की अक्षर माझं नाही. त्यात माझी नोंद आहे. सिस्टरनं लिहिलेलं 'सालवे', त्यातला ल खोडून मी काढलेला ळ. सतरा वर्षांच्या पोराचा ळ. दोन्ही गाठी घट्ट, वळणदार, मिटलेल्या. फिलोमिनाच्या चिठ्ठ्यांचे फोटो मी मोबाइलमध्ये घेतले होते. शेजारी धरले. चिठ्ठ्यांतला ळ तसा नाही. त्याची दुसरी गाठ मिटतच नाही, शेवट खाली ओघळतो.

क्षणभर हायसं वाटलं. म्हटलं चला, दुसरंच कुणीतरी.

मग मी समोर पडलेला माझा स्वतःचा कागद बघितला. इतिहासाचा कच्चा मसुदा होता, आदल्या आठवड्यात लिहिलेला. बारा वर्षांपूर्वी तेलीबांध्याजवळ माझी स्कूटर घसरली होती आणि उजव्या हाताची दोन बोटं मोडली होती. बोटं जुळली, पण पेन पूर्वीसारखं वळत नाही. तेव्हापासून माझ्या ळ ची दुसरी गाठ मिटत नाही. शेवट खाली ओघळतो.

चिठ्ठ्यांतलं अक्षर माझं आजचं आहे.

मी मोजमापं घेणारा माणूस आहे, म्हणून सगळ्या शक्यता तपासल्या. मीच लिहून विसरलो असेन? सतरा वर्षांच्या मला दिल्लीबद्दल काही माहीत नव्हतं. मला ते दोन वर्षांनी पीटरकडून कळलं. आणि आठव्या दिवशी मी गुढियारीत होतो. सिस्टरनं लिहिल्या असतील? सिस्टर रोझलिन आता राजनांदगावकडे म्हाताऱ्या सिस्टरांच्या आश्रमात असतात. एका शनिवारी गेलो. नजर अधू झालीय, पण जीभ तशीच.

"सिस्टर, वो फिलोमिना की चिट्ठियाँ... आपको याद हैं?"

"अपनी तारीफ सुनने इतनी दूर आए हो, विन्सेंट?"

"नहीं, मतलब... आपने तो कुछ नहीं लिखा था न उसके लिए?"

"मैं? अमरावती में दो साल थी, बस पढ़ने जितनी मराठी आती है. लिखूँ तो तुम लोग हँसोगे." मग म्हणाल्या, "मैं रोज मिस्सा से पहले सारी थैलियाँ देखती थी. जिसकी खाली हो, उसमें मैं टॉफी डाल देती थी. कोई न कोई बच्चा भूल ही जाता है. उसकी थैली में मुझे एक दिन भी नहीं डालनी पड़ी. आखिरी दिन भी नहीं. मैंने सोचा, जाते-जाते रख गया होगा."

"हो सकता है न, एक दिन पहले ही रख दी हो?"

"कैसे? चींटियों के मारे हर शाम थैलियाँ मैं खुद उलटवाती थी."

मी उठलो. त्या म्हणाल्या, "अच्छे बच्चे थे तुम." मी चप्पल घालत होतो. वर बघितलं नाही.

मग स्मारिकेचं प्रूफ आलं. रीना दीदींनी फिलोमिनाची आठवण तिच्याच शब्दांत घातली होती. पानाच्या मधोमध, चौकटीत. 'मेरे फरिश्ते विन्सेंट सालवे भैया.' प्रूफ माझ्याकडे दोन दिवस होतं. ती चौकट काढता आली असती, निदान नाव काढता आलं असतं. रीना दीदींचा फोन आला, "अंकल, कुछ करेक्शन?"

मी एकच दुरुस्ती केली. सालवे चं साळवे केलं.

प्रकाशनाच्या दिवशी टाळ्या वाजल्या. पीटरही आला होता, भिलाईहून. त्यानं पाठीवर थाप मारली. "साले, छुपे रुस्तम! हमारे सामने तो हँस रहा था." त्याला चुलीतली चिठ्ठी माहीत नाही. ती फक्त मला माहीत आहे, आणि आता तुम्हाला.

एक वेडेपणाही सांगतो. मागच्या महिन्यात मी रेघांची वही आणली आणि दुपारी ऑफिसला दांडी मारून आठही चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या. आठवून आठवून, त्याच शब्दांत. मनात काय होतं कुणास ठाऊक. वाटलं, कुठूनतरी पोचतील. किंवा पोचल्या असतील, म्हणून तर... ग्रेस मागे येऊन उभी राहिली. "जेवली काय?" तिनं कागदावरचं मोठ्यानं वाचलं. "हे कोनाले लिहून राहिले?" म्हणाली. म्हटलं, पेन बघून राहिलो चालतो का. ती म्हणाली, "पेन चालते, तुमचंच काही खरं नाही." चिठ्ठ्या टेबलावरच राहिल्या. काही झालं नाही. संध्याकाळपर्यंत वाट बघितली.

लोक विचारतील, मग वाईट काय झालं? पोरगी वाचली, चांगलंच झालं. हो. पण मला त्या पोराचा हेवा वाटतो. ज्यानं पाण्याच्या रांगेत तिला मागे उभी असलेली बघितलं, जो तिच्यासाठी कैरी शोधत आवारभर हिंडला. रोज सकाळी डोळा उघडला की वाटतं, मी तो असतो तर. त्या व्हरांड्यात, त्या फरशीवर, त्या सकाळी तो कोण होता, कुठून आला, माझं न मिटणारं अक्षर त्याच्या हातात कसं होतं – मला काहीही सांगता येत नाही. फादरना विचारायचं तर आधी चुलीपासून सुरुवात करावी लागेल.

या मेमध्ये फिलोमिना कॅम्पला येणार आहे. मुलांना ती गोष्ट सांगायला. परवा फोनवर म्हणाली, "भैया, आप बगल में बैठना." मी हव म्हटलं.

तिची चिठ्ठी मी जाळली होती, सातव्या दिवशी मी पळून गेलो होतो, आणि तिला लिहिलेला एकही शब्द माझा नाही – हे मी तिला, तिच्यासमोर बसून, तिला समजेल अशा हिंदीत सांगण्याचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.